मागच्या चाकापासून सुरुवात: जुन्या रोड बाइकसाठी ब्रेक-गिअर लिव्हर निवडताना

सायकल 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धातली, माझ्या आत्याची. स्टीलची फ्रेम, शिमानो कंपनीच्या 105 या गिअर-ब्रेक संचाची 1050 मालिका, पुढे 52 आणि 42 दातांच्या दोन चकत्या, मागे सहा चक्रांचं फ्रीव्हील. गिअरचे दोन छोटे लिव्हर डाउनट्यूबवर, म्हणजे हँडलपासून सीटखाली पेडलांकडे उतरणाऱ्या तिरक्या नळीवर. त्या काळच्या चांगल्या रोड बाइक अशाच असायच्या.

आत्याचं वय 58. अंगठ्याच्या बुंध्याशी सांधा दुखतो, त्यामुळे एका हाताने हँडल घट्ट धरणं तिला जड जातं. तिने अडचण अगदी नेमकी सांगितली: "गिअर बदलायला एक हात सोडावा लागतो. चढावर तो सोडवत नाही, म्हणून मी चढावर गिअर बदलतच नाही. खालच्या गिअरवर आधीच टाकून ठेवते नाहीतर वरच्याच गिअरवर रेटत राहते." तिची मागणीही सरळ होती. ब्रेक आणि गिअर एकाच लिव्हरमध्ये असतात तशी जोडी बसवायची, बाकी सायकल आहे तशीच ठेवायची. वापरलेली, उत्तम स्थितीतली 10 स्पीडची, म्हणजे मागे दहा चक्रांसाठीची, एक जोडी तिने पाहूनही ठेवली होती.

ही जोडी घेऊ नकोस, असं मी तिला सांगितलं. जोडीत काहीच खोट नव्हती. पण ती बसवायची तर बाकी सायकल आहे तशी राहणार नव्हती.

लिव्हर नेमकं काय करतो

या लिव्हरची आपण डोळ्याला दिसणाऱ्या गोष्टींवरून तुलना करतो: आकार, रबराची पकड, किती स्पीड. सायकलला मात्र एकाच गोष्टीशी देणंघेणं असतं. एका क्लिकमध्ये लिव्हर किती केबल ओढतो? ती केबल मागच्या डिरेलरला, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या यंत्रणेला, जाते, डिरेलर तिच्या ठराविक पटीत आडवा सरकतो, आणि हे सरकणं शेजारच्या दोन चक्रांमधल्या अंतराइतकं भरलं तरच चेन नीट पुढच्या चक्रावर जाते. केबलची ओढ, डिरेलरचा पट आणि चक्रांमधलं अंतर, या तिन्हींचा हिशेब जुळायला हवा.

शिमानोच्या जुन्या रोड डिरेलरांचा पट साधारण 1.7 असतो. 8 स्पीडचा लिव्हर एका क्लिकला सुमारे 2.8 मि.मी. केबल ओढतो. 2.8 गुणिले 1.7 म्हणजे 4.76, आणि 8 स्पीड कॅसेटमध्ये (मागच्या चक्रांच्या संचात) चक्रांचं अंतर 4.8 मि.मी. असतं. हिशेब जुळला. 9 स्पीडला ओढ 2.5 आणि अंतर 4.35 च्या आसपास. आत्याने पाहिलेल्या 10 स्पीडच्या जोडीची ओढ 2.3, तिला लागणारं अंतर 3.95. ती जोडी आत्याच्या सहा चक्रांच्या फ्रीव्हीलवर लावली असती तर पहिल्या-दुसऱ्या क्लिकनंतरच चेन दोन चक्रांच्या मध्ये खडखडत राहिली असती. तो खडखडाट थांबवायचा तर 10 स्पीडची कॅसेट हवी, ती बसेल असा हब (चाकाचा मधला भाग) हवा, अरुंद चेन हवी. एका लिव्हरपायी अर्धी सायकल बदलावी लागते ती अशी.

1050 चा डिरेलर मात्र आपल्या बाजूने होता. क्लिकवर गिअर बदलणारी एसआयएस पद्धत शिमानोने 1984 मध्ये आपल्या सर्वांत वरच्या डुरा-एस संचाच्या 7400 मालिकेत आणली आणि काही वर्षांत ती 105 पर्यंत उतरली. त्यामुळे हा डिरेलर क्लिकसाठीच घडवलेला आहे आणि त्याचा पट तोच 1.7. एक अपवाद ध्यानात असू द्यावा: खुद्द डुरा-एसच्या 7400 मालिकेचा पट वेगळा आहे. त्या मालिकेचे लिव्हर त्याच मालिकेच्या डिरेलरबरोबर चालतात, इतरांबरोबर नाहीत. जुन्या सायकलीवर डुरा-एस दिसला की पुष्कळांना हायसं वाटतं. लिव्हर बदलायचे असतील तर तिथेच जास्त सावध राहावं लागतं. आणि एसआयएसच्या आधीचा, नुसत्या घर्षणावर चालणारा डिरेलर असेल तर तो बदलायचाच, असं धरून चालावं.

मोजमाप

कुठलाही लिव्हर निवडण्याआधी आम्ही सायकल उलटी करून मोजायला बसलो. मागचं चाक काढल्यावर फ्रेमच्या दोन पायांमधली आतली जागा भरली 126 मि.मी. सहा आणि सात स्पीडच्या काळातलं हे माप. त्याआधीच्या पाच स्पीडच्या सायकलींना 120 असायचं. आठ स्पीडपासून पुढे रिम-ब्रेकच्या रोड बाइकला 130 लागतं.

इथे दोन वाटा फुटतात, आणि कुठली धरायची हे सायकलच्या अवस्थेवर ठरतं. पहिली वाट म्हणजे फ्रेम आणि हब जसेच्या तसे ठेवायचे, त्याच हबवर सात चक्रांचं फ्रीव्हील चढवायचं आणि लिव्हर 8 स्पीडचे घ्यायचे. सात स्पीडला चक्रांचं अंतर 5.0 मि.मी. असतं, म्हणजे दर क्लिकला दोन-अडीच दशांश मि.मी.ची तूट. मधल्या चक्रावर बरोबर जुळवून घेतलं तर दोन्ही टोकांना पाऊण मि.मी.च्या आतबाहेर फरक राहतो. शिमानोच्या डिरेलरची वरची पुली आडवी थोडी सरकू शकते, ती एवढा फरक बहुतेक वेळा पोटात घालते. लिव्हरचा एक क्लिक वाया जातो, पण डिरेलर किती सरकेल हे ठरवणारे मर्यादेचे स्क्रू बरोबर लावले की त्याचा त्रास होत नाही. ॲल्युमिनियमच्या किंवा कार्बनच्या 126 फ्रेमसाठी मी डोळे मिटून हीच वाट सांगेन, कारण त्या फ्रेम वाकवायच्या नसतात.

दुसरी वाट म्हणजे स्टीलची फ्रेम 130 पर्यंत उघडून आठ स्पीडचं चाक घालणं.

आत्याच्या बाबतीत निकाल रिमने लावला. मागच्या रिमच्या कडेवर पट्टी आडवी धरली तर पट्टीखालून उजेड दिसत होता. वर्षानुवर्षं ब्रेक पॅड घासून कडा आत खचल्या होत्या. अशी रिम टायरमधल्या हवेच्या दाबाखाली फाटू शकते, तिच्यावर आणखी विसंबून राहण्यात अर्थ नव्हता. मागचं चाक नाहीतरी नवं येणार होतं. मग 126 चा जुना हब शोधत बसण्यापेक्षा फ्रेम उघडणं शहाणपणाचं ठरलं.

दोन्ही बाजूंना दोन-दोन मि.मी. हे काम फार मोठं नाही, पण ते समसमान व्हायला हवं. दोन्ही पाय एकदम फाकवले तर जो मऊ तो जास्त वाकतो आणि चाक मधल्या रेषेतून सरकतं. म्हणून प्रत्येक बाजू वेगवेगळी ढकलायची आणि मधून मधून दोरा लावून पाहायचं: एका ड्रॉपआउटपासून (चाकाचा ॲक्सल बसतो ती खाच) हँडलखालच्या हेडट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणलेला दोरा सीटच्या नळीपासून दोन्हीकडे सारख्याच अंतरावर यायला हवा. त्यानंतर दोन्ही ड्रॉपआउट समांतर आहेत का आणि डिरेलर लटकतो तो हँगर सरळ आहे का, हे तपासायचं. हे काम आम्ही फ्रेमचं काम जाणणाऱ्या कारागिराकडून करून घेतलं. काही जण 130 चा हब हाताने फाकवून 126 मध्ये तसाच बसवतात. बसतोही. पण मग ड्रॉपआउट तिरपे राहतात, ॲक्सलवर वाकडा ताण येतो आणि प्रत्येक पंक्चरच्या वेळी चाकाशी झटापट करावी लागते. अंगठा दुखणाऱ्या माणसाला ते परवडणारं नाही.

कोणता लिव्हर, आणि का

मागे आठ स्पीड ठरल्यावर निवड सोपी झाली, कारण यादी लहान झाली. तिच्यावरची शेवटची कात्री आत्याच्या अंगठ्याने चालवली.

काम्पान्योलो कंपनीचे अर्गोपॉवर लिव्हर मला स्वतःला फार आवडतात. ते 1992 मध्ये आले, शिमानोच्या अशाच एसटीआय लिव्हरनंतर दोन वर्षांनी. पहिल्यापासून त्यांची गिअर केबल हँडलच्या टेपखालून जाते. जुने अर्गो उघडून आतल्या झिजलेल्या छोट्या स्प्रिंगा बदलता येतात, म्हणजे ते दुरुस्त होतात. जुन्या 10 स्पीडच्या अर्गोची ओढ सरासरी 2.8 मि.मी.च्या आसपास असल्यामुळे ते शिमानोच्या डिरेलरवर आणि 8 स्पीडच्या कॅसेटवर चक्क चालतात. हातचे अर्गो असलेले बरेच जण जाणूनबुजून हा संकर करतात. डाव्या लिव्हरला बारीक दातांची रॅचेट असल्यामुळे पुढचा डिरेलर कोणताही असला तरी भागतं. ब्रेक ढिला करायची कळही लिव्हरमध्येच असते, त्यामुळे ज्या जुन्या ब्रेकना स्वतःची कळ नाही त्यांची सोय होते. एवढे गुण असूनही आम्ही ते बाजूला ठेवले. त्यांत लहान चक्राकडे जायला आतल्या बाजूचं बटण अंगठ्याने दाबावं लागतं. आत्याने एका ओळखीच्या सायकलवर ते दाबून पाहिलं आणि लगेच मान हलवली. शिमानोचा टूर्नी हा सात स्पीडचा नवा लिव्हर त्याच कारणाने गेला. त्यालाही अंगठ्याचं बटण आहे, शिवाय हँडलच्या खालच्या वाकात हात असताना तिथे अंगठा पोचत नाही.

स्रॅम कंपनीच्या डबलटॅप लिव्हरमध्ये अंगठा लागत नाही. एकच पाती, थोडी ढकलली की एकीकडे आणि जास्त ढकलली की दुसरीकडे. पण ती 2006 मध्ये दहा स्पीडसाठीच आली आणि तिची केबलची ओढ वेगळी आहे, म्हणजे मागचा डिरेलरही त्यांचाच घ्यावा लागतो. मायक्रोशिफ्ट कंपनीच्या लिव्हरमध्ये ब्रेकची पाती गिअरसाठी हलत नाही, तिच्यामागे दोन वेगळ्या छोट्या पात्या असतात. ब्रेक आणि गिअर बोटांना वेगळे कळावेत असं वाटणाऱ्याने त्यांचा विचार जरूर करावा.

मग उरल्या शिमानोच्या दोन पिढ्या. एक, 1990 च्या दशकातले 8 स्पीडचे एसटीआय, सायकलच्या वयाला शोभणारे. दुसरी, आजची क्लॅरिस आर2000. दोन्हींत ब्रेकची पातीच आत ढकलली की चेन मोठ्या चक्रावर चढते आणि मागची छोटी पाती ढकलली की उतरते. दोन्ही कामं बोटांची, अंगठा मोकळा.

जुन्या एसटीआयचा मोह मला समजतो. सायकल एकसंध दिसते, शिवाय त्यांची ब्रेक केबलची ओढ 1050 च्या ब्रेकशी जुळते. पण त्यांच्या आतलं ग्रीस वर्षांनुवर्षं पडून घट्ट होतं, रॅचेटचे खटके चिकटतात आणि पाती ढकलली तरी क्लिक पकडत नाही. पातळ तेलाने धुऊन पुष्कळ लिव्हर पुन्हा चालू होतात, हेही खरं. मात्र आत काही झिजलेलं असेल तर सुटे भाग मिळत नाहीत आणि ते लिव्हर उघडून दुरुस्त करण्यासाठी बनवलेलेच नाहीत. दुसरं म्हणजे त्यांची गिअर केबल लिव्हरच्या बाजूने बाहेर पडून हँडलसमोर कमान करते. आत्या हँडलला पुढे पिशवी लावते, त्या कमानी थेट पिशवीत घुसल्या असत्या. ज्याला हँडलसमोर काही लावायचं नाही आणि ज्याच्या हाती धुतलेली, खात्रीने क्लिक पकडणारी जोडी आहे, त्याने ती बसवायला माझी हरकत नाही.

आम्ही क्लॅरिस घेतली. केबल टेपखालून जाते, पाती हँडलच्या जवळ आणता येते आणि आत्याच्या लहान हाताला ती पुरते.

ब्रेकचा हिशेब वेगळा

लोक गिअरचा हिशेब करतात आणि ब्रेकचा विसरतात. माझ्या मते या सगळ्या कामात धोका कुठे असेल तर तो इथे आहे.

डुरा-एस 7900 पासून शिमानोने ब्रेकच्या लिव्हरची केबल-ओढ वाढवली आणि ती हळूहळू खालच्या मालिकांतही आली. नवा लिव्हर जास्त केबल ओढतो, म्हणजे तेवढ्याच बोटांच्या जोराला केबलवर ताण कमी येतो. नवे ब्रेक ती तूट स्वतःच्या भुजांच्या लांबीने भरून काढतात. जुने काढत नाहीत. नवे लिव्हर आणि 1050 चे एकाच खिळीवर फिरणारे ब्रेक अशी जोडी लावली तर सायकल थांबते, पण जास्त जोर लावावा लागतो. ज्याचे हात दुखतात त्याच्यासाठी हे चुकीचंच. उलटी जोडी, म्हणजे जुने लिव्हर आणि नवे ब्रेक, लावली तर लिव्हर हँडलला टेकेपर्यंत येऊ शकतो. म्हणून ब्रेक लिव्हरच्याच मालिकेचे, दोन खिळींवर फिरणारे घेतले.

ते बसतील का, हे आधी पाहावं लागतं. ब्रेकच्या बोल्टपासून रिमवर पॅड जिथे टेकतो तिथपर्यंतचं अंतर पुढे 45 आणि मागे 47 मि.मी. भरलं. आजचे साधारण रोड ब्रेक 49 पर्यंत पोचतात, म्हणून काम झालं. ज्या सायकलीला मुळात 27 इंची चाकं होती आणि आता 700सी (आजच्या रोड बाइकचं नेहमीचं माप) घालायची आहेत, तिथे रिम 4 मि.मी. खाली जाते आणि बहुधा 57 पर्यंत पोचणारे ब्रेक लागतात. चिमट्याच्या (पुढचं चाक धरणाऱ्या फाट्याच्या) मागचं भोक आत बुडणारा नट घेईल इतकं मोठं आहे का, हेही पाहून घ्यायचं. जुन्या कित्येक फ्रेमना बाहेरून नट लागायचा.

केबलच्या कव्हरबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. गिअरच्या कव्हरमध्ये तारा लांबीच्या दिशेने सरळ असतात, ब्रेकच्या कव्हरमध्ये त्या गुंडाळलेल्या असतात. गिअरचं कव्हर ब्रेकला लावलं तर जोरात ब्रेक दाबताना ते फाटू शकतं आणि ब्रेक एका क्षणात जातो. घरी काम करणाऱ्याने कापायला घेण्याआधी दोन्ही कव्हरांचे तुकडे शेजारी ठेवून त्यांच्या तोंडाकडे नीट पाहावं.

हँडल, केबल आणि पुढचा डिरेलर

डाउनट्यूबवरचे लिव्हर काढल्यावर त्यांच्या जागी, त्याच बोल्टवर, केबलचं कव्हर अडवणारे छोटे स्टॉप बसतात. त्यांना ताण जुळवायची फिरकी असली तर उत्तम. फ्रेमवर लिव्हरसाठी जोडलेले उंचवटे नसतील तर पट्ट्याने आवळायचे स्टॉप मिळतात.

हँडल मात्र बदलावं लागलं. जुन्या ड्रॉपबारचा पुढचा वाक लांब असतो. त्यावर जुन्या ब्रेक लिव्हरचं छोटं अंग ठीक होतं, पण नव्या लिव्हरचा हुड, म्हणजे तळवा टेकतो तो रबरी भाग, लांब आहे. लिव्हर नुसते आवळून, केबल न लावता आत्याला बसवून पाहिलं तर ती पुढे ताणली गेली होती, कोपर सरळ. कमी पोहोच असलेला बार घेतला. त्याआधी हँडल धरणाऱ्या स्टेमची पकड व्हर्निअरने मोजली: 25.4 मि.मी. जुन्या स्टेममध्ये 25.4 आणि 26.0 अशी दोन्ही मापं सापडतात, फरक डोळ्याला दिसत नाही, आणि चुकीची जोडी लावली तर बार सरकतो किंवा स्टेमला तडा जातो. आजचे बहुतेक बार 31.8 चे असतात, त्यामुळे आपल्या मापाचा शोधायला वेळ लागला.

पुढचा डिरेलर लिव्हरच्याच मालिकेचा घेतला, कारण डाव्या लिव्हरची ओढ पिढीगणिक बदलत आली आहे. आतली 42 ची चकती काढून 39 ची लावली. त्याच क्रँकवर ती बसते. मागे 13 ते 26 ची कॅसेट. आधी सर्वांत हलका गिअर 42 ला 24 होता, आता 39 ला 26 आहे. पेडलाच्या एका फेरीत सायकल पूर्वी साधारण 3.7 मीटर जायची, आता 3.15 जाते. आत्याला चढावर जो फरक जाणवला त्यात लिव्हरइतकाच वाटा या आकड्यांचा आहे असं मला वाटतं.

मागचा 1050 डिरेलर तसाच ठेवला. त्याच्या सांध्यांत खेळ नव्हता, हाताने ढकलून तो आठही चक्रांच्या दोन्ही टोकांपर्यंत पोचतो हे पाहिलं, आणि पुल्या तेवढ्या नव्या घातल्या. तीसेक वर्षं जुना डिरेलर आजच्या लिव्हरच्या क्लिकला अचूक उत्तर देतो, हे पाहताना मला मनापासून आनंद झाला.

जे सहज झालं नाही

मागचे गिअर पहिल्या जुळवणीतच नीट बसले. पुढे मात्र 39 वरून 52 वर चेन चढवायला डावी पाती लांबवर आणि जोराने ढकलावी लागत होती. आत्या म्हणाली, "उजवीकडचं लोण्यासारखं आहे, पण डावीकडे अजून हात दुखतो." केबलचं कव्हर मोठ्या वळणाने नेलं, थोडा फरक पडला. खरं कारण मोठी चकती होती. त्या काळच्या चकत्यांना आतल्या अंगाला चेन उचलणारे खाचखळगे आणि खुंट्या नसतात, दात नुसते सरळ असतात. ती चकती खुंट्यावाल्या नव्या चकतीने बदलल्यावर चेन पेडलाच्या जोराने स्वतःच वर चढू लागली आणि पातीवरचा जोर उतरला. पूर्ण हलका झाला असं नाही. डावी पाती उजवीपेक्षा जड राहतेच, म्हणून आत्या आता शक्यतो 39 वरच राहते आणि उतार लागला की 52 वर जाते.

देखभालीत एका गोष्टीकडे लक्ष ठेवायला तिला सांगितलं आहे. टेपखालून जाणाऱ्या गिअर केबलला लिव्हरच्या आत तीक्ष्ण वळण घ्यावं लागतं, आणि तिच्या टोकाच्या गोळीजवळच्या बारीक तारा तिथे एकेक करून तुटतात. बाहेरून काही दिसत नाही. नीट जुळवलेले गिअर विनाकारण बिघडू लागले, ताण वाढवावा तर पुन्हा ढिला पडू लागला, पातीचा क्लिक मऊ वाटू लागला, तर जुळवणी करत न बसता केबल बाहेर काढून पाहायची. पूर्ण तुटली तर गोळी आणि तारांचे तुकडे लिव्हरच्या यंत्रणेत अडकतात आणि ते चिमटीने काढताना लिव्हरच निकामी होण्याची भीती असते. नवी केबल त्याआधीच घातली की हा प्रश्न उरत नाही.